यश वळणावर आहे

नाही नाही, खोली हीच, तुम्ही बरोबर आलात – बोर्डावर जाऊ नका. बाहेर 'विद्यार्थी कल्याण आणि' एवढंच दिसतं ना? पुढचं 'शैक्षणिक यश केंद्र' वळणाच्या पलीकडे आहे, मुलांच्या टॉयलेटच्या दारावर. रंगाऱ्याने अक्षरं मोठी काढली, भिंत संपली, तो बिचारा वळला आणि लिहीत पुढे गेला. पहिलं वर्षभर यश शोधणारी मुलं तिकडेच जायची आणि हात धुऊन परत जायची. बसा हो. टेप ठेवा तिथे. माप काय पळून जातंय – भिंती आहेत त्या. चहा घेता ना? घेता. नाही, खुर्चीत नको, तिचा एक पाय तात्पुरता आहे, तुम्ही सुतार, तुम्हाला दिसेलच. त्या पोत्यात बसा. हो, बसायचंच आहे ते, आत थर्माकोलचे मणी आहेत. मनावरचा ताण उतरावा म्हणून मागवलं होतं.

मी मुळात इथली नाही, दादा. एकोणीस वर्षं परीक्षा विभागात काढली, खिडकी क्रमांक तीन. फॉर्मची मुदत पाचला संपते म्हटलं की पाचला खिडकी बंद. पाच वाजून एक मिनिटाने कोणी काच वाजवली तर मी आतूनच घड्याळ दाखवायची – बोलायचीसुद्धा नाही, नुसतं मनगट काचेला लावायची. मुलं मला शटर म्हणायची. म्हणू देत, मला काय. मग वरून पत्र आलं की मुलांच्या मनाची काळजी घ्यायला वेगळा विभाग पाहिजे, आणि मुलांशी सर्वांत जास्त संबंध आलेला कर्मचारी कोण म्हणून शोधलं, तर निघाले मी. संबंध आला होता, खोटं नाही. कसा आला होता ते कोणी विचारलं नाही. पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यात 'हं' म्हणायला शिकवलं. समोरचा बोलतोय, आपण तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त 'हं'. अवघड आहे हो. तुम्हाला न शिकता जमतंय.

आणि कार्यक्रम काय कमी केले? वेळापत्रक कसं पाळावं यावर व्याख्यान ठेवलं – वक्तेच दीड तास उशिरा आले. परीक्षेची भीती घालवा हे शिबिर ठेवलं, ते नेमकं परीक्षेच्या दिवशी आलं, ती चूक माझी. हास्यवर्ग ठेवला, त्याला मी आणि शिपाईकाका, दोघंच, समोरासमोर, चाळीस मिनिटं. हसू काही येईना. शेवटी काकांची कवळी सुटली, मग आलं. अहवालात उपस्थिती मी चौदा लिहिली. खुर्च्या चौदा मांडल्या होत्या ना. – हे कुठे बोलू नका. तर असं सव्वा वर्ष चाललं, आणि रजिस्ट्रार साहेबांनी एका शुक्रवारी सही केली: केंद्र बंद, मी परत खिडकी तीन, आणि या खोलीत जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. त्या फळ्या म्हणजे तुम्ही. मला काही वाईट वाटलं नाही. – वाटलं.

म्हटलं, जाता जाता एक काम तरी धड करू. दोन-दोन विषयांत नापास होऊन वर्गातून गायब झालेली बासष्ट मुलं होती, त्यांना फोनवर निरोप पाठवायचा. स्वतः लिहिला, तीन दिवस लागले. 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. बरे आहात ना? काही झालं असेल तर या. काही झालं नसेल तरी या. खोली क्रमांक नऊ.' चांगला आहे ना? हं. आता कॉम्प्युटरवर याद्या एकाखाली एक, आणि चष्मा माझ्या डोक्यावर – सोमवारी दुपारी तो निरोप बासष्ट मुलांऐवजी गेला सगळ्या कर्मचाऱ्यांना. तीनशे अकरा माणसं. गणिताचे सर धावत आले, म्हणाले मी रोज येतो हो, हजेरीपुस्तक बघा. ग्रंथपाल बाईंनी न मागता डॉक्टरांचा दाखला पाठवला. एक प्राध्यापक खरोखरच दोन महिने आलेले नव्हते, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, ते घाबरून त्याच दिवशी रुजू झाले.

आणि मंगळवारी सकाळी स्वतः रजिस्ट्रार साहेब. आत आले, दार लावून घेतलं. मी उभीच – म्हटलं, आता खिडकी तीनसुद्धा गेली. तर हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "हं."

"मी कोणाला कळू दिलं नव्हतं."

"हं."

आणि बसले की हो ते – त्याच पोत्यात, कोटासकट. बाईसाहेब लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्यात, सहा महिने, त्यातले दोन झालेत. हे घरात एकटे. पाव खातात तो ओट्याशी उभं राहून, कारण टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसते. कपडे धुवायचं मशीन वाजलं की 'आलो आलो' म्हणतात. मोठा माणूस, दादा, पाच हजार मुलांच्या पदव्यांवर ज्याची सही असते तो, आणि मीठ कुठे असतं ते बाईसाहेबांना विचारायचं तर तिकडे त्या वेळी सगळे झोपलेले. तासभर बोलले. मी पंचवीस वेळा 'हं' म्हटलं असेन. मग उठायला गेले तर उठता येईना. हे पोतं असं आहे, हलाल तेवढं गिळतं. मी एक हात धरला, काकांनी दुसरा, आणि ओढलं तर साहेब आले, बूट आत राहिला. दाराला काच आहे, बाहेर मुलांचा हा घोळका. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजात बातमी – नऊ नंबरात रजिस्ट्रारला बाहेर ओढून काढतात. आणि मुलं यायला लागली. आधी पोतं बघायला आली, मग त्यातली काही बसली, बसलेली काही बोलायला लागली. मी पंधरा खुर्च्या मांडल्या, त्या खरोखर भरल्या.

पुढच्या मंगळवारी साहेब परत आले, आणि बाहेर बाकावर सरळ रांगेत बसले, पुढे पाच मुलं असताना. शेजारी फिजिक्सची एक मुलगी, उंच, नखं खाणारी. तिला वाटलं कोणाचे तरी वडील असतील. त्यांना तिने सगळं सांगितलं – प्रात्यक्षिकाच्या दिवशी दारापर्यंत गेले आणि पाय आत जाईनात. मग फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला पळत आले तर खिडकी बंद झाली होती. दीड वर्ष झालं, घरी पास झाले म्हणून सांगितलंय, आई सगळ्या नात्यात सांगून बसलीय. साहेब नुसतं 'हं' म्हणत राहिले. त्यांचं 'हं' माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग तिची पाळी आली, ती आत आली, मला पाहिलं आणि उलट्या पावली निघाली. मी म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, "तुम्ही खिडकी तीन ना? तुम्ही मला घड्याळ दाखवलं होतं."

आता यावर काय 'हं' म्हणणार?

मला ती आठवतही नव्हती, दादा. किती मनगटं दाखवली असतील मी. तशीच उठले, तिचा हात धरला, आणि दोघी खिडकी तीनशी गेलो. सव्वापाच वाजले होते. काच वाजवली. आत माझ्या जागेवर आलेला नवा कारकून बसला होता, हुशार आहे, मीच तयार केलेला – त्याने मान वर न करता काचेला मनगट लावलं. मी दुसऱ्या बाजूने ते पहिल्यांदा पाहिलं. आकडेसुद्धा उलटे वाटतात तिथून. मी परत वाजवली, त्याने परत मनगट लावलं. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "उघडा." साहेब रांगेतून उठून आमच्या मागेच आले होते. तो कारकून एवढा दचकला की खुर्चीसकट मागे गेला. फॉर्मवर साहेबांनी तिथेच, खिडकीच्या फळीवर सही केली, तेव्हा त्या मुलीला कळलं की आपण बाकावर मन कोणाकडे मोकळं केलं ते, आणि तिला उचकी लागली. गेल्या आठवड्यात झाली परीक्षा. पास झाली – काठावर, काही थाटमाट नाही. आईला फोन करून दीड वर्षाचं खोटं सांगून टाकलं, तर आई म्हणाली, मला दीड वर्षापासून माहीत आहे, म्हटलं तू कधी सांगतेस ते बघू.

तर आता तुमचा प्रश्न. साहेब म्हणतात, सही माझीच आहे, पण केलेली सही मलाही मागे घेता येत नाही, त्याला समिती लागते, समिती बसायला चार महिने. पण म्हणाले – म्हणजे ते काहीच म्हणाले नाहीत, खिडकीबाहेर बघत होते – की फळ्यांचं माप जर खोलीशी जुळलं नाही तर फाइल पहिल्यापासून सुरू करावी लागते. आता छत किती आहे? दहा फूट. तुम्ही तेरा लिहा. टेप जुनी आहे म्हणायचं. पाप कसलं त्यात, मी चौदा माणसं लिहिली, तुम्ही तीन फूट जास्तीचे लिहा. बरं, साडेबारा. साडेबाराच्या खाली नको.

हो, चहा थंड झाला तुमचा, मीच बोलत बसले. एक सांगू? त्या तीनशे अकरात मीही होते. कर्मचारीच ना मी. सोमवारी संध्याकाळी घरी कपडे वाळत घालत होते, तेव्हा कुठे माझा फोन वाजला – बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, बरे आहात ना. क्षणभर लक्षातच आलं नाही हो, की हे आपणच लिहिलंय. म्हटलं, अगं बाई, कोणाला आठवण झाली. तशीच उभी राहिले, हातात ओला टॉवेल. आमच्या ह्यांना दाखवला, तर म्हणाले, काढून टाक, अशाने फसवतात लोकांना. नाही काढला. आहे अजून.

उत्तर? मी काय उत्तर देणार. तशी सोयच नाही त्यात, निरोप एकाच बाजूने जातो.

…

साडेबारा लिहिलंत ना? मग या आता, दादा. बाहेर रांग लागलीय.