मेडिकलवाल्याले विचारलं

हॅलो?… हाव, बोल मैत्रेयी… नाई नाई, दुकानातच आहो. बोल ना. झालं दाखवून? काय म्हणे डॉक्टर?…

अं?… कोण म्हणे?… मी? हाव, मीच तं विचारलं होतं. त्या दिवशी नाई काय, खताचा माल पाहाले यवतमाळले आलतो… हाव, त्याच दवाखान्यात. बसस्टँडच्या मांगच्या. विचारलं ना, तुले सांगतलं तं होतं फोनवर…

अवं, हळू बोल. फोनच्या बाहेर येते आवाज. इथं बाबा बसले आहे गल्ल्यावर, अन् गिऱ्हाईक आहे…

पूनमसिंगभाऊ, एकच मिनिट. तुरीवरच्या अळीचंच पाह्यजे ना? काढतो, बसा…

हं, बोल… "तुमचा नवरा आलाच नाई" म्हणे?… हसली?… सगळ्यायसमोर?…

नाई, आयक ना… म्हणजे त्यायच्याकडं गर्दी लय असते. ध्यानात नसन राह्यलं… शर्ट? कोणता शर्ट घातला होता तेही सांगतलं तू तिले? शर्टावरून डॉक्टर कायले वळखीन मले… अवं हो, पण… मैत्रेयी? तू रडून राह्यली काय?… रस्त्यावर बसून? कुठं?… दवाखान्याच्या पायऱ्यायवर. बरं. आई आहे ना संग?… बरं.

थांब. थांब जराशी. मांगं गोदामात जातो… थांब ना, पोते आहे मधात… हं. आता बोल. इथं कोणी नाई.

…

खरं सांगू?

अवं सांगतो ना, तू बोलू तं दे… गेलतो. आईची शप्पथ, गेलतो मी. वर चढलो. बाकावर बसलो. पण तिथं सगळ्या बायाच बाया वं. माणूस म्हणून मी एकटाच. बाजूची एक बाई म्हणे, भाऊ, पेशंट कुठं आहे? म्हटलं, घरी आहे. तं त्या सगळ्या हसाले लागल्या… मंग त्या टेबलावरच्या पोरीनं माह्याकडं पाह्यलं, म्हणे, नाव सांगा, कितवा महिना?… मलेच म्हणे ना. कान गरम झाले. उठलो अन् खाली आलो…

खाली मेडिकल आहे ना. त्याले विचारलं.

हाव. मेडिकलवाल्याले.

म्हटलं, वरच्या मॅडम नॉर्मल डिलिव्हरी करते काय? तो म्हणे, करते ना भाऊ, सगळंच करते… बस… तेवढंच… नाई, आणखी काई नाई विचारलं… म्हणजे, प्रोटीनचा डबा घेतला एक. नुसतंच विचारून कसं निघाचं म्हणून… हाव, तोच डबा… हाव, तो तिथलाच… फेकू नको ना वं, डब्यानं काय केलं…

बाकीचं?… बाकीचं मी मनानं सांगतलं.

आयक… अवं आयक ना. मी सांगणार होतो तुले. फोन लावला तेव्हा खरंच सांगणार होतो. पण मी "नॉर्मल करते म्हणे" म्हटलं अन् तू येवढी खुश झाली, लगेच विचाराले लागली, अन् चालू-फिरू देते काय? देते म्हटलं. अन् आईले आत बसू देते काय? हाव म्हटलं. तू तिकडं हसून राह्यली होती. मंग मले ते वापस घेता नाई आलं… हाव, चूक आहे… लय मोठी आहे, मालूम आहे मले.

काय काय म्हणे डॉक्टर?… कोणालेच आत नाई… पलंगावरून उतराचं नाई… कळा वाढवाचं सलाईन लावू, अन् नाईच झालं तं सिझर… अन् तुले म्हणे, येवढं शिकून दाईच्या जमान्यातलं काय घेऊन बसली?… असं म्हणे ते?… अन् तू काय म्हटलं?… "माह्या मिस्टरांचं बोलणं झालं तुमच्यासोबत."… अरे बाप्पा…

दोनदा म्हटलं?

…नाई, आहो ना. आयकून राह्यलो… 

कोण? आई? नको ना, आईले नको देऊ फोन. मैत्रेयी, आयक, मी मांगून… हॅलो… जयभीम आई… हाव… हाव आई… नाई, तुमचं बरोबर आहे… माहेरी बाळंतपण म्हणजे तुमच्यावरच सगळा भार, अन् मी एक काम घेतलं तं तेही… हाव… फाईलही काढून आणली काय पहिल्या दवाखान्यातून? भांडून?… हाव, मीच म्हटलं होतं आणा म्हणून… नाई, ते तारीख देऊन बसले होते, अन् सिझर काहून ते कोणी सांगे ना, म्हणून तं तिले दुसरा डॉक्टर पाह्यजे होता… हाव आई. आता तेही नाई अन् हेही नाई. पोरगी भरल्या दिवसाची, अन् दवाखाना नाई हाताशी… नाई, उलटून नाई बोलत. मले शरम वाटून राह्यली… हाव, द्या तिले.

हं, मैत्रेयी… पाणी पेलं काय?… पे जरासं.

विचार… शेवटची गोष्ट?… नाई. ते तं मी मेडिकलवाल्यालेही नाई विचारली.

कशी विचारू? "मी आत राहीन काय बायकोजवळ" असं कोणता माणूस विचारते? आपल्या राळेगावात पाह्यलं काय कोणी? माणूस बाहेर राह्यते, चहा आणते, गाडी पाह्यते… हाव, तूच घोकून घेतलं होतं माह्याकडून, येता-जाता विचारे, सांग बरं काय काय विचारशीन. पाठ होतं मले. अजूनही पाठ आहे…

भेव? नाई वं, भेव नाई… लाज… तुही लाज कायले वाटन? माहीच मले वाटते. तू ओरडशीन, कळा देशीन, अन् मी तिथं उभा, कपडे घातलेला, काही कामाचा नाई. अन् बाहेर येऊन लोकायले काय तोंड दाखवू?… हाव, तू म्हणतं ते खरं आहे. तुले कोणी विचारलं नाई लाज वाटते काय म्हणून… तुले ते डॉक्टर बाई सगळ्यायसमोर हसली, अन् मी इथं पोत्याच्या मांगं लपून… हाव. लपलोच आहो.

थांब. एक मिनिट.

काय झालं बाबा?… काई नाई, मैत्रेयीचा फोन आहे… आयकू आलं?… किती?… सगळंच?…

मैत्रेयी, मधातली भिंत टिनाची आहे वं. मी विसरलोच. बाबानं सगळं आयकलं. पूनमसिंगभाऊनंही… नको ना हसू. खरंच नको हसू. मले आता जमिनीत जागा देल्ली तं जाईन मी.

काय भाऊ?… नाई, तुम्ही औषध घ्या ना, काढून देतो मी… कोणाची सून? तुमची?… कुठं झाली?… यवतमाळातच? प्रायव्हेटच काय?… थांबा, थांबा. मैत्रेयी, फोन ठेवू नको. पूनमसिंगभाऊ सांगून राह्यले, त्यायच्या सुनेलेही पहिल्या जागी सिझर सांगतलं होतं. मंग ते दारव्हा रोडकडं एका मॅडमकडं गेले. तिथं एक सिस्टर आहे, वच्छलाबाई, ते रात्रंदिवस बाईजवळ बसते म्हणे. फिरू देते, पाणी पाजते, पाठ चोळून देते… हाव ना, सासू बसली होती आत… मॅडम घाई करत नाई म्हणे. पण खरंच गरज पडली तं सिझरही करते, काहून ते सांगून… चालते ना तुले?… मालूम आहे, तुले कापाचं भेव नाई, बिनसांगता कापाचं आहे.

हाव, विचारतो. आत्ताच विचारतो. भाऊ, तुम्हीच विचारता काय जरा त्या बाईले? तुमची वळख आहे तं… काय?… बायको कोणाची म्हणते… हाव, माहीच आहे. बरं, लावून द्या. द्या इकडं. मैत्रेयी, भाऊच्या फोनवरून त्या सिस्टरले लावला. दोन्ही फोन कानाशी आहे माह्या, तू चुपचाप आयक.

हॅलो… नमस्कार सिस्टर. मी राळेगाववरून राजदीप बोलून राह्यलो. पूनमसिंगभाऊनं नंबर… हाव, हाव, त्यायच्याच फोनवरून. माह्या मिसेसचं… तिचं… म्हणजे भरले आहे दिवस. पहिलंच आहे… नाई, बीपी-शुगर काई नाई… बाळाचं डोकं खाली आहे, सोनोग्राफीत आलं… हाव, फाईल तिच्याजवळच आहे. तर मले असं विचाराचं होतं, कळा सुरू झाल्या की तिले फिरू द्यान काय?… हाव… अन् तिची आई जवळ राह्यली तं?… बरं. अन् सिझर कराची पाळी आलीच तं आधी सांगान ना?… बरं. लय चांगलं.

अन् सिस्टर, आणखी एक…

आणखी एक विचाराचं होतं…

बाबा, कुठं चालले? बसा ना. नाई, बाहेर नका जाऊ, बसा तुम्ही. तुम्ही उठून गेले तं मले आणखीनच… बसा.

हॅलो, आहो ना सिस्टर. नाई, कटला नाई. म्हटलं, मी तिच्याजवळ राह्यलो तं चालीन काय? आतमधी. बाळ होतपर्यंत… हाव, मीच. नवरा… हाव, तिले तसं पाह्यजे… मले?… मलेही.

…

बरं… म्हणजे दुसरी पेशंट नसली अन् बाजूची खोली रिकामी असली तं… नाई, बरोबर आहे, दुसऱ्या बाईलेही लाज आहेच ना… मॅडमले विचारा लागीन. हाव. आज भेटतीन काय मॅडम?… दोघंही येतो. रगत पाहून?… मालूम नाई सिस्टर. कधी पाह्यलंच नाई. पडलो तं बाजूले सरकवून देजा, तिच्याकडं पाहा तुम्ही… हाव. आलोच. ठेवतो.

भाऊ, घ्या तुमचा फोन. लय उपकार झाले.

आयकलं मैत्रेयी?… नाई, पक्कं हाव नाई म्हणे. मॅडमवर आहे, खोलीवर आहे. आता मी तुले "हो म्हणे" असं सांगणार नाई. जेवढं म्हणे तेवढंच सांगून राह्यलो… तू आईले घेऊन ऑटोनं घरी जा. उन्हात नको बसू. मी गाडीनं निघतो, तुले घेतो, मंग दोघं मॅडमकडं… नाई, बाहेर नाई थांबत. आत येतो. कॅबिनमधी येतो… बोलीन ना. तू फक्त बस, मी बोलतो, अन् चुकलो तं सांग… हाव, महिना विचारला तं महिनाही सांगीन.

लाज? वाटते ना. आताही वाटून राह्यली. बाबाकडं पाहाचं धाडस नाई मले… ते? ते पेपर उलटा धरून बसले आहे… नाई, काही नाई म्हणे. थांब, काहीतरी म्हणून राह्यले… काय बाबा?… तुमची गाडी नेऊ?… बाबा म्हणते माह्या गाडीत पेट्रोल नाई, त्यायची घेऊन जा.

हाव, निघालोच. चाबी घेतली… अवं थांब, दारातच शंकरसिंगमामा आले, दुकान उघडंच आहे मामा, आत बसा, बाबा देते तुम्हाले… मी? यवतमाळले… नाई मामा, माल पाहाले नाई. बायकोचं बाळंतपण आहे, तं डॉक्टरले विचाराले चाललो, मले आत राहू देते काय म्हणून… हाव, आत. बाळंतपणात… मीच, मामा. दुसरा कोण?

…

आयकलं ना तू?… हाव, मोठ्यानंच बोललो. रडू नको आता… बरं, हास. हास तू. ठेव, निघतो.