डॉक्टरला रोज सफरचंद

इंग्रजी म्हणींवर लई भरवसा असंल, तर आधी माझं ऐका. कासार आंबोलीत आमच्या वरच्या खोलीत एक डॉक्टर भाड्यानं राहतो. नात बाळंतपणाला यायची होती, तरी हा खोली सोडीना. शाळेत इंग्रजी शिकवणारी सूनबाई सहज बोलली, "आबा, इंग्रजीत म्हण आहे, रोज एक सफरचंद, की डॉक्टर लांब."

मी महिनाभर रोज त्याच्या दारात सफरचंद ठेवलं.

एके सकाळी डॉक्टर खाली आला. मला वाटलं, सुटलो!

"आजोबा, एवढी माया सख्ख्यांनी केली नाही. उद्यापासून माझी आईसुद्धा इथंच राहायला येतेय."

सूनबाईनं कपाळावर हात मारला. "अहो आबा, ते आपण खायचं असतं!"

म्हटलं, "गप बस. तुझा गोरा साहेब सोताच दीडशे वर्षं हितनं हलला न्हाई. त्याची म्हण भाडेकरूला काय हलवणार?"