चार बेटं, एक गुहा आणि आमचे बाबा

...आणि वर ती लाकताई मलाच म्हणते, भोंगा तू धर! मला! अहो, जी मुलगी वर्गात हजेरी देतानासुद्धा लाल होते, जिचा आवाज कसा आहे हे शेजारच्या बाकावरच्या मुलीला दीड वर्षानं कळलं, तिला म्हणते, बोटीवर उभी राहा आणि सोळा परक्या माणसांना इंग्रजीत सांग, इकडे बघा, तिकडे बघा! आणि कधी? तर आम्ही बाबांच्या अस्थी समुद्रात सोडायला निघालो त्या दिवशी!

थांबा, नीट सांगते. तुम्हाला सांगते, आमच्या बेटावर जानेवारीत मरू नये. पावसाळ्यात खुशाल मरा, तेव्हा बोटी किनाऱ्यावर उपड्या पडलेल्या असतात, हवी ती घ्या. पण जानेवारीत? जानेवारीत आख्खं जग आमच्या बेटावर पोहायला येतं, आणि नेमके तेव्हाच आमचे बाबा गेले. विहारात दहन झालं, अस्थी पांढऱ्या कापडात बांधल्या, मोठ्या भिक्खूंनी सांगितलं, गुरुवारी, दुपारच्या आत समुद्रात सोडा. आई बोट मागायला दारोदार फिरली. जो तो रडला हो! "विचियन गेला? अरेरे, काय माणूस होता!" आणि बोट? "बोट तेवढी नाही वहिनी, गुरुवारी चार बेटांच्या सहलीला लागली आहे."

शेवटी आई लाकताईकडे गेली. लाकताई म्हणजे बाबांची मालकीण. वीस वर्षं बाबा तिच्या बोटीवर वाटाडे होते. तिच्या दुकानाबाहेर ती मोठी पाटी आहे ना... चार बेटं, एक गुहा, दुपारचं जेवण, कापलेला अननस, पाण्यात बघायचा चष्मा, सगळं धरून! तर लाकताई एका डोळ्यानं रडली आणि दुसऱ्यानं फोन बघत होती.

"विचियन माझा भाऊ होता गं! त्याला मी नाही म्हणेन? त्याच्याच बोटीवरून ने त्याला. दमडी घेणार नाही. पुढच्या जागा देते. सगळं धरून!"

आई म्हणाली, "ताई, बोट पूर्ण मिळेल ना? घरचा विधी आहे."

"पूर्ण कशी देऊ? सोळा पाहुणे आहेत. पण चांगली माणसं आहेत हो, शांत आहेत." आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. "पोरीला इंग्रजी येतं ना? माझा वाटाड्याच गेला ना गं... आता भोंगा कोण धरणार?"

झालं! मी आईकडे बघितलं. आईनं जमिनीकडे बघितलं. म्हणजे मी भोंगा धरायचा.

तर गुरुवारी सकाळी धक्क्यावर आम्ही तिघी, म्हणजे आई, पिकुलआत्या आणि मी, आणि आईच्या मांडीवर बाबा. पांढरं गाठोडं, वर मोगऱ्याचा हार. बोट चालवायला थोनकाका, बाबांचे जोडीदार. ते म्हणाले, "वहिनी, बोटीवर जो बसेल त्यानं तरंगायचं जाकीट घालायचं. नियम आहे." बोलले ते आम्हा तिघींना. पण आत्या! आत्या बाबांची थोरली बहीण, तिनं लहान पोरांचं केशरी जाकीट उचललं आणि गाठोड्याला घातलं, पट्टेसुद्धा आवळले. "नियम म्हणजे नियम. माझ्या भावानं वीस वर्षांत कधी मोडला नाही." आता मला सांगा, केशरी जाकीट घातलेले, हार घातलेले बाबा पुढच्या बाकावर बसलेत... हसायचं का रडायचं? मी दोन्ही केलं, पण आतल्या आत. माझं सगळं आतल्या आतच असतं.

मग पाहुणे आले. शांत माणसं! उकडलेल्या खेकड्यासारखा लालभडक एक गृहस्थ, तो चढला तेव्हा बोट त्याच्या बाजूला कलली. पिवळी टोपी घातलेल्या एक बाई. आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं. ती नवरी तडक गेली ती थेट बोटीच्या नाकावर जाऊन बसली, पाय दोन्हीकडे सोडून! तिथं आमची यानांग आई राहते हो, बोट सांभाळणारी, तिच्यासाठीच त्या रंगीत फिती बांधलेल्या असतात, तिथं आम्ही पायसुद्धा लावत नाही. आत्या किंचाळली, "उठव त्या टवळीला! देवीच्या डोक्यावर बसली!" मी गेले. मी म्हटलं, माफ करा... इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. नवरी गोड हसली आणि तिनं आपला फोन माझ्या हातात दिला. तुम्हाला सांगते, बापाच्या अस्थी घेऊन निघालेल्या मुलीनं त्या नवरीचे तीन फोटो काढले. एक उभा, दोन आडवे.

आणि टोपीवाल्या बाई तर मायाळू निघाल्या! त्यांनी बघितलं, फुलं घातलेलं एक गाठोडं उन्हात आहे, जवळच जेवणाचे डबे आहेत. बिचारीनं बाबांना उचललं, आणि नेऊन ठेवलं कुठं? बर्फाच्या पेटीवर, अननसाशेजारी, सावलीत! आत्यानं जी आरोळी ठोकली ती धक्क्यावरच्या कुत्र्यांनीसुद्धा ऐकली. बाई घाबरून मला विचारतात, "नासेल ना उन्हात?" मी काय सांगू? मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते मलाही माहीत नाही.

पहिलं बेट. दोनशे पायऱ्या, वर जाऊन फोटो. पाहुणे चढले, आम्ही बोटीत. आई गाठोड्याला सांगते, "अहो, आलं तुमचं पहिलं बेट. पायऱ्या दुरुस्त केल्यात बरं का." दुसरं बेट, गुहा. आत जाऊन सगळे "ओऽऽ" ओरडले, गुहा पण "ओऽऽ" ओरडली. आई म्हणते, "ऐका, तुमची गुहा." मी भोंगा मांडीवर उलटा धरून बसले होते. तोवर मी एक शब्द बोलले नव्हते. थोनकाका नुसतं बोट दाखवायचे आणि पाहुणे त्या दिशेला जायचे. मला वाटलं, असंच निभावेल...

कसलं निभावतंय! तिसरं ठिकाण आलं. दोन बेटांच्या मधलं उथळ, हिरवं पाणी, खाली प्रवाळ. बाबांनी सांगून ठेवलं होतं, मला तिथं सोडा. काकांनी यंत्र बंद केलं. पाहुणे गप्पा मारतायत, गाणी लावलीयत, खेकडेदादा अननस खातोय. काका म्हणाले, "बाळ, आता तूच. सांग त्यांना, हा अंत्यविधी आहे, जरा गप्प बसा. एवढं एकच वाक्य."

आणि ते वाक्य माझ्याकडे होतं! तीन दिवस घोकलं होतं. आमच्या इंग्रजीच्या बाईंकडून तपासून घेतलं होतं, कागदावर सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. सभ्य स्त्रीपुरुषहो, हे माझे वडील आहेत, कृपया थोडा वेळ शांत राहा. बस. मी उठले. भोंगा तोंडाला लावला. कागद उघडला... लाटेचं पाणी उडून सगळी शाई पसरलेली! सोळा तोंडं माझ्याकडे वळली. आई बघतेय. आत्या बघतेय. माझं डोकं म्हणजे नुसतं पांढरं कापड, एक शब्द नाही. आणि मग माझ्या तोंडातून इंग्रजी निघालं... पण माझं नाही. बाबांचं! पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं, बाबांचं ते तसलं इंग्रजी, त्याच सुरात, त्याच हेलात...

"नमस्कार बाई आणि बुवा! डोकं सांभाळ! प्रवाळ हात नाही! मासा मित्र, मासा चावत नाही! चष्मा डोळा, नळी तोंड, उडी आता! दहा मिनिट फक्त!"

आणि भदाभद, भदाभद! नवरी गेली, नवरा गेला, टोपी बाकावर ठेवून टोपीवाल्या बाई गेल्या, खेकडेदादा नाक धरून गेला, त्याच्या उडीनं आम्ही सगळे भिजलो. सोळाच्या सोळा! बोट रिकामी. आणि शांतता... अशी शांतता की बोटीच्या लाकडाचं कुरकुरणं ऐकू यावं.

आत्या म्हणाली, "कार्टे, हे काय सांगितलंस त्यांना?"

थोनकाका तोंड फिरवून उभे होते. म्हणाले, "ती कुठं बोलली? विचियन बोलला."

पण रडायला वेळ कुणाला होता? दहा मिनिट फक्त! काकांनी उदबत्ती पेटवली, वारा विझवतोय. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. आत्या म्हणते, आधी बोटीनं तीन फेऱ्या मारायच्या, मग सोडायचं. काका म्हणाले, "आत्याबाई, खाली माणसं पोहतायत, बोटीचा पंखा चालू करून पाहुण्यांचं कालवण करू का?" "मग वल्ह्यानं फिरव!" "एवढी बोट? वल्ह्यानं?" "माझा भाऊ काय रोज रोज जाणार आहे?" आणि काकांनी फिरवली हो, वल्हं मारून मारून, जागच्या जागी, घामानं निथळत. दीड फेरी झाली आणि काकांची पाठ धरली. दीड तर दीड.

आत्यानं जाकिटाचे पट्टे सोडले. आईनं गाठोडं घेतलं, काठावर वाकली, आमच्यात फेकत नाहीत, हातानं अलगद पाण्यात ठेवतात... आणि आई थांबली. हातच सुटेना. मी म्हटलं, आई... तर म्हणाली, "यांना पोहता येत नाही गं."

तुम्हाला सांगते, मला माहीतच नव्हतं! वीस वर्षं जगाला "उडी आता" म्हणणारा माणूस, आणि स्वतः गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेला नव्हता. लाकताईलाही कधी कळू दिलं नाही. आई सांगत होती आणि गाठोडं छातीशी धरून बसली होती. "एकट्याला कसं सोडू? जाकीटसुद्धा काढलंत तुम्ही..."

काका घड्याळाकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, तीन मिनिटं राहिली."

खरंच तीन राहिली होती. मी आईच्या हाताखाली हात घातले. आम्ही दोघींनी मिळून बाबांना पाण्यात ठेवलं. कापड जरासं तरंगलं, आणि मग... खालून मासे आले. पिवळेकाळे, पट्ट्यांचे, शेकडो! कारण ही बोट थांबली की पाव मिळतो हे त्यांना ठाऊक, वीस वर्षं रोज बाबांच्या हातचा पाव खाल्लेला त्यांनी. पांढरं कापड दिसेना इतके मासे. सगळे मिळून खाली निघाले. आत्या ओरडणार होती, हाकल त्यांना म्हणून. पण आई म्हणाली, "राहू दे. सोबत आहे."

आणि दहा मिनिटं संपली. सगळे एकदम वर! टोपीवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी, मला मिठीच मारली, "असे मासे मी जन्मात पाहिले नाहीत! तुम्ही त्यांना बोलावता तरी कसं?" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टॉवेल वाटले. दुसरं काय करणार? तेही तिकिटात... सगळं धरून!

तेवढ्यात वायरलेसवर लाकताई. "थोन, तिसरं झालं का? माणसं मोजलीस? तुला सोडून कागदावर वीस उतारू आहेत."

मी काकांना सोडून मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली, बोट लावून. एकोणीस! काकांचा चेहरा पडला. खेकडेदादा बिचारा पुन्हा चष्मा लावून उडी मारायच्या तयारीत. नवरी नवऱ्याला चिकटली. सगळे पाण्याकडे बघायला लागले, कोण राहिलं, कोण राहिलं... आणि आई म्हणाली, अगदी सहज, "सकाळी कागद मी भरला. सोळा पाहुणे आणि आपण घरची चौघं."

वायरलेसमधून लाकताई ओरडतेय, "अरे बोल की! कोण राहिलं मागे? दुसरी बोट पाठवू का?"

काकांनी वायरलेस तोंडाशी धरला. म्हणाले, "नको पाठवू ताई. विचियन इथं उतरला."

मग लाकताईचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू. "बरं... मग मी एकोणीस लिहिते."

आणि काकांनी यंत्र चालू केलं. आई मागे बघत बसली, आणि मी... मी काय, डोळे पुसले आणि भोंगा उचलला. तुम्हाला सांगते, चौथं बेट अजून बाकी होतं.