लाल की हिरवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंगं त्यानं भाड्याच्या एका दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती, आणि त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी आठवी शिकलेला. दादाचा मित्र निलेश नागपूरहून फोनवर सांगत होता आणि मी दादाच्या लॅपटॉपवर टाइप करत होतो.

लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून आधी त्यातलं ‘जुनं’ नावाचं फोल्डर उडवायचं होतं. त्याच नावाचं फोल्डर तिकडंही होतं, आणि दादाचा आवाज त्यातच होता. मघाशी लॅपटॉपवरूनच मी तिकडच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो होतो; तिथून बाहेर पडलो होतो की नाही, तेच मला आठवेना.

निलेशनं विचारलं, "ओळीच्या सुरुवातीले कॉम्प्युटरचं नाव कोणत्या रंगात दिसून राहिलं? लॅपटॉप हिरवा, तिकडचा लाल. तुह्या दादानंच ठेवलं तसं."

"सारं पांढरंच हाय."

"काही लिवलं का बे?"

"उडवाची ओळ लिवली. एंटर नाही मारलं."

"दोन्ही हात डोक्यावर ठेव."

ठेवले. आई म्हणाली, "काहून रे, पोलीस आले का?"

निलेशनं आधी ती ओळ पुसायला लावली. मग टर्मिनलला, म्हणजे टाइप करायच्या त्या खिडकीला, रंग दाखवायला सांगणारी ओळ एकेक अक्षर करून लिहून घेतली. नाव पुन्हा उमटलं.

"बोल ना, कोणता रंग?"

"लाल," मी म्हणालो. म्हणजे मी अजून तिकडंच होतो; निलेशनं आधी मला तिथून बाहेर काढलं, मगच लॅपटॉपवरचं ‘जुनं’ उडवायला लावलं.

संध्याकाळपर्यंत सगळी रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर उतरली. त्यातलं पहिलंच लावलं.

"आई, जेवाले वाढ, आलोच," दादा म्हणाला.

आई ताट घ्यायला उठली.