दोन किलोंची माया

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, मघाशीच आलो आम्ही घरी… अगं कुठून काय, त्या स्पेशालिस्टकडून. खाण्याच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याकडे नंबर लावला होता ना… नाही. नाही घेतलं दाखल करून.

…ऐक ना. आधी ऐक, मग चीड.

थांब, दार लोटून घेते, बबडी आत आहे… झोपली कसली, भिंतीकडे तोंड करून पडलीये. हं, बोल… नाही गं, डाएट नाही हे. सोळा वर्षांची पोर जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते, त्याला डाएट म्हणतात?… माहितीये, तुझ्या लेकीनंही केलं होतं. तुझी लेक आठवड्याभरात फ्रीज उघडून बसली. आमची सफरचंदाच्या फोडी बशीतल्या बशीत फिरवत बसते आणि म्हणते, पोट भरलं.

हो, फोनवर विचारून घेतलं होतं सगळं. मी वजन सांगितलं, घरच्या काट्यावरचं. ते ऐकून तिथली बाई म्हणाली, अहो, मग थांबू नका, लगेच आणा. म्हणून तर मधेच नंबर लागला… हो ना. आणि आज त्यांच्या काट्यावर उभी केली, तर दोन किलो जास्त.

…मलाही तेच वाटलं, वाढलं की काय. जीव भांड्यात पडला बघ, क्षणभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, सुधारणा आहे. आता तातडीत बसत नाही. तीन-चार महिन्यांनी दाखवा, मधे वजन आणखी खाली गेलं तर कळवा… हो, अगदी गोड आवाजात. भांडले ना. घसा बसेपर्यंत भांडले. तर म्हणतात, तुमचा घरचा काटा बिघडलेला असेल.

…हसू नकोस. मीही हसलेच. म्हटलं, बाई, अख्ख्या बाजाराचे वजनकाटे हा माणूस दुरुस्त करतो, त्याच्या घरचा काटा बिघडेल होय? चांगलं ठसक्यात ऐकवलं. आणि शेजारी बघते तर हे मान खाली घालून उभे.

…हो. ह्यांनीच बिघडवलेला काटा… अगं जास्त नाही, कमी. दोन किलो कमी दाखवायचा… मुद्दाम, मग काय. मागेच कधीतरी करून ठेवलं, मला पत्ता नाही. म्हणे, आकडा कमी दिसला की पोरीचा जीव शांत होईल, चार घास खाईल… खाल्ले की. थोडे दिवस खाल्ले. मग त्या आकड्याचीही सवय झाली आणि त्याच्याही खाली जायला लागली.

…मायेपोटीच गं. कोण नाही म्हणतंय? मायेनंच तर गळा आवळलाय आमचा.

सांगितलं ना, तिथेच सांगितलं, ह्यांनी हात जोडून सांगितलं. वाढलं नाहीये हो, खालीच चाललंय. त्या म्हणाल्या, समजलं, पण आमचा आजचा आकडा तर रेषेच्या वर आहे ना… हो, रेष. त्यांची एक रेष असते. वजन तिच्या खाली गेलं तर दाखल, वर असलं तर पोर बरी… मोठ्या हॉस्पिटलला पण लावला फोन, येता येता. चक्कर येऊन पडली तर आणा म्हणाले. म्हणजे पडू दे आधी.

आणि ताई, मुख्य ते राहिलंच. तिनं पाहिला ना आकडा. तो दोन किलो जास्तीचा. ते 'छान' पण ऐकलं. तेव्हापासून पाण्याचा थेंब नाही… समजावलं. ह्यांनी काटा खोलून, पक्की वजनं ठेवून दाखवलं तिला, बघ बाळा, मीच फिरवला होता. ती म्हणाली, बाबा, मग आता मी खरं कशाला मानू?

…काय करणार, स्वयंपाकघरात बसलेत. पुढ्यात उघडा काटा आणि सगळीकडे स्क्रू. मला राग येतोय आणि रागवायलाही होत नाही… हो, तू ये. येच तू.

थांब, बबडी उठून आली… काय गं राणी?… कोणाची रेष?… अगं, ते तसं नसतं… ताई, एक मिनिट… नाही बाळा, असं नाही करायचं…

…काही नाही ताई. विचारतेय, ती रेष किती खाली आहे. म्हणते, बाबांना सांग, काट्याला हात लावू नका, तेवढं मीच कमी करते. मग घेतील ना मला?

…नाही. रडत नाहीये ती. शहाण्यासारखं विचारतेय.

ठेवते मी.