घरपट्टीतली वर्गणी

होळीनंतरचा सोमवार. रक्कम पाचशे एक रुपये. हजर आमचे सरपंच, ग्रामसेवक, चपराशी अन् मी. हे पह्यले लिहून घ्या, मंग बाकीचं सांगतो, नाहीतर मी बोलत बोलत कुठल्या कुठं जातो.

आम्ही मलकापूरकडचे. आजोबा मिशनच्या दवाखान्यात झाडझूड करत, तिथंच ते ख्रिस्ती झाले, कोणी जबरदस्ती केली नाही अन् त्यांनी कोणाले विचारलंही नाही. गावात आमची थोडीच घरं. आजोबा म्हणत, सरकारचं सरकारले द्यावं अन् देवाचं देवाले, पण दोन्ही एका पिशवीत टाकू नोको पोरा, देव तिच्यात गुदमरते. मले तवा वाटे म्हातारा उगीच बोलते. आता माझं दोन एकर वावर, वांगे अन् मिरची. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याले आमच्या गावात रोडगे अन् वांग्याची भाजी असते, सारं गाव पंगतीले बसते, अन् त्या भाजीचे वांगे माझ्या बापापासून आमच्या वावरातले. कोणी मागत नाही, आम्ही नेऊन टाकतो. पूजेले आम्ही जात नाही, हे त्यांनाही माहीत, पंगतीले मात्र पह्यल्या रांगेत.

तर त्या सोमवारी मी घरपट्टी भराले पंचायतीत गेलो अन् पोरीचा, रूथचा, रहिवासी दाखला मागितला. तिले नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, मुदत जवळ आलेली. ग्रामसेवक म्हणे, दानियलभाऊ, घरपट्टी बाराशे चाळीस, वर देवळाची वर्गणी पाचशे एक, दोन्ही भरा मंग दाखला. म्हटलं, हे कधीपासून? सरपंच म्हणे, यंदापासून, सुटी वर्गणी कोणी देत नाही, पट्टीसंगं लावली की बरोबर येते. नवीन सरपंच, हुशार, वाईट माणूस नाही. म्हटलं, पट्टी घ्या, वर्गणी अशी देत नाही. तो म्हणे, काऊन, मारुती चालत नाही काय तुमाले? म्हटलं, मारुतीशी भांडण नाही भाऊ, तुमच्या टेबलाशी आहे.

दाखला भेटला नाही. घरी बायको म्हणे, पाचशे एकानं काय होते, फेका अन् कागद आणा. रूथ म्हणे, बाबा, दरसाल तुम्ही त्याच्याहून जास्त किमतीचे वांगे देता. म्हटलं, तेच तर बाई, ते मी देतो, हे माझ्याकडून काढून राह्यले. मनानं दिलं तर दान, दाखला अडवून घेतलं तर दंड. उद्या दुसरा सरपंच येईन, तो म्हणेन रविवारी प्रार्थना कराले पंचायतीची परवानगी काढा. पोरगी फॉर्मावरची तारीख पाहत बसली. काय सांगू तुमाले, तिच्या तोंडाकडं पाहून माझं मन लय डगमगलं.

सरपंच हुशार म्हटलं न. त्यानं माझ्या साडूले निरोप धाडला, साडू आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील माणूस, की दानियलले समजवा, पंचायतीच्या पैशातून तुमच्या प्रार्थनाघरावर नवे पत्रे टाकून देतो. आमचे पत्रे गळतच होते. रविवारी सारे खुश. साडू म्हणे, देव दार उघडून राह्यला अन् तू आडवा उभा. म्हटलं, हे दार पंचायतीचं आहे, याची कडी त्यांच्या हातात. अन् आमच्या गावातल्या रहीमभाईनं भरलेली पट्टी माझ्या पत्र्याले काऊन लागावी? त्या दिवशी माझ्यासंगं कोणी चहा घेतला नाही.

मंग ग्रामसभा आली. मी उठून म्हटलं, घरपट्टीतून देवळाची वर्गणी काढून टाका, अन् आमच्या पत्र्याचा विषयही बंद करा. सरपंच म्हणे, पत्रेही नोको? म्हटलं, नोको, आमचे आम्ही टाकू. मागून एक जण बोलला, मंग यंदा भाजी कशाची, नुसत्या पाण्याची? सारे हसले. तेवढ्यात देवळाचे पंच नामदेवआबा काठी टेकत उठले. मले वाटलं, आता आपलं संपलं. आबा सरपंचाले म्हणे, काबे, माह्या मारुतीनं आजवर कोणाच्या पोरीचा दाखला अडवून रोडगा खाल्ला काय? सरपंच म्हणे, आबा, देवासाठीच केलं न. आबा म्हणे, देवासाठी करतं त झोळी घे अन् दारोदार फिर, मी जिंदगीभर फिरलो, तुले लाज वाटते काय?

मंग हात वर झाले. रहीमभाईचा पह्यला, माझ्या साडूचा सगळ्यात शेवटी, पण झाला. पट्टी वेगळी, वर्गणी ज्याच्या त्याच्या मनानं, अन् दाखला कोणाचाच अडवायचा नाही, असा ठराव. दुसऱ्या दिवशी रूथच्या हातात दाखला. ती आता बुलढाण्याले नर्सिंग शिकून राह्यली. पत्रे आम्ही मंडळीनं आपल्या पैशानं टाकले, साडूनं ठोकलेला एक वाकडा बसला, तो त्याले दर रविवारी दाखवतो. प्रभूची कृपा, अजून काय.

तर हिशोब असा. घरपट्टी बाराशे चाळीस, ग्रामपंचायतीले भरली. अन् वर्गणी मागाले सरपंच झोळी घेऊन आबासंगं माझ्या दारात आले, तवा पाचशे एक दिले नाहीत, तीन कट्टे वांगे दिले, भंडाऱ्यासाठी, नामदेवआबाच्या हाती. आबाच्यानं कट्टा कुठं उचलते, पह्यला सरपंचानंच खांद्यावर घेतला.