राहिलेला अर्धा पिक्चर

जुने गाजलेले पिक्चर बघायचे राहून गेले म्हणून तू हळहळतेस, पण आमच्या सासूबाईंनी तर सगळेच अर्धे पाहिलेत. त्यांचं माहेर अर्नाळ्याचं. लहानपणी किनाऱ्यावर पडदा बांधून पिक्चर दाखवायचे, आणि मध्येच होड्या आल्या की बायका-पोरी टोपल्या घेऊन पाण्याकडे पळायच्या.

"मग शेवट कसा कळायचा?" मी विचारलं.

"म्हावरं निवडता निवडता मीच करायची की!"

मला काही राहवेना. एका रविवारी दुपारी, इथे आचोळ्याला, त्यांच्या अशाच एका पिक्चरचा राहिलेला अर्धा भाग लावला. नायक वादळात होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. नायिका एकटी किनाऱ्यावर उभी. गाणं सुरू झालं, तसा आईंनी शांतपणे रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"आई, अजून आहे ना!"

"ह्या पिक्चरवाल्यांना पानी ठाव नाय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून सांगायला लागल्या. "तो पहाटे येतो. दर्या दुधासारका. ती नुस्ती पेज वाढते. तो पितो नि तिच्या मांडीवर झोपतो. झोपेतपन होडीत असल्यासारका हलतो."

परवा ऑफिसात त्याच पिक्चरचा विषय निघाला. एक जण म्हणाली, "शेवटी किती रडले गं मी!"

मी म्हटलं, "रडायचं काय त्यात? पेज पिऊन झोपलाय तो."

"कुठे पाहिलास तू हा पिक्चर?"

"अर्नाळ्याला."